जपानमध्ये लाल पोटाचा न्यूट पाळताना : पहिल्या टाकीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानमध्ये राहणाऱ्या आणि घरी प्रथमच न्यूट पाळू इच्छिणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ही प्रश्नोत्तरे तयार केली आहेत. येथील दुकानांत सहज मिळणाऱ्या, ‘आकाहारा इमोरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाल पोटाच्या न्यूटपुरताच हा मजकूर मर्यादित आहे. प्राणी घरी आणण्याच्या निदान दीड महिना आधी तो वाचला जावा, अशी अपेक्षा आहे, कारण टाकीची बहुतेक महत्त्वाची कामे प्राणी येण्यापूर्वीच उरकावी लागतात.

न्यूट हा नेमका कोणता प्राणी आहे?

न्यूट बेडकाप्रमाणेच उभयचर आहे. मात्र प्रौढ झाल्यावरही त्याची शेपटी टिकून राहते, आणि दिसायला तो पालीसारखा वाटला तरी त्याच्या अंगावर खवले नसतात. त्याची त्वचा ओलसर असते आणि पाणी व त्यात विरघळलेले पदार्थ तिच्यातून थेट शरीरात शिरतात. पुढे सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक काळजीचे मूळ या एका गोष्टीत आहे.

सायनॉप्स पायरोगॅस्टर असे शास्त्रीय नाव असलेला हा न्यूट होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या बेटांवरील भातखाचरांत, पाटांत आणि तळ्यांत राहतो. लांबी साधारण ८ ते १३ सेंटीमीटर, पाठ काळपट तपकिरी आणि पोट लाल किंवा नारिंगी, त्यावर काळे ठिपके. प्रत्येक प्राण्याच्या ठिपक्यांची रचना वेगळी असते, त्यामुळे पोटाचे छायाचित्र काढून ठेवल्यास कोण कोणता हे पुढे सहज ओळखता येते.

सह्याद्रीत न्यूट किंवा सॅलॅमँडर आढळत नाहीत. तेथील उभयचर म्हणजे बेडूक आणि देवगांडूळ. त्यामुळे कोकणात विहिरी आणि पाणवठे पाहत वाढलेल्या माणसालाही या प्राण्याची सवय नसते. पुण्या-मुंबईत रंगीत मासे पाळल्याचा अनुभव गाठीशी असेल, तर त्यातला पाण्याच्या शुद्धतेविषयीचा भाग उपयोगी पडेल, पण हीटर, जोरदार फिल्टर आणि रंगीत खडे या तीन सवयी मात्र विसराव्या लागतील.

ही जबाबदारी किती वर्षांची आहे?

चांगली देखभाल झाल्यास हा न्यूट वीस वर्षांहून अधिक जगतो. कंपनीने तीन वर्षांसाठी जपानला पाठवलेल्या कुटुंबाने हा आकडा आधी नीट विचारात घ्यावा. परत जाताना न्यूटचे काय करायचे, याचे उत्तर शेवटी दिले आहे. ते वाचून मगच निर्णय घेतलेला बरा.

टाकी केवढी असावी?

जपानमध्ये ‘६० सेंटीमीटरची टाकी’ हे सर्वांत प्रचलित माप आहे. लांबी ६०, रुंदी ३० आणि उंची ३६ सेंटीमीटर असलेल्या या टाकीत साधारण ६० लिटर पाणी मावते. दोन किंवा तीन प्रौढ न्यूटसाठी ती पुरेशी आहे आणि पहिल्या वेळी हीच घ्यावी. न्यूट पाण्याखाली राहत असले तरी श्वास घेण्यासाठी अधूनमधून पृष्ठभागावर येतात, म्हणून उंच आणि अरुंद टाकीपेक्षा पसरट टाकी त्यांना सोयीची पडते. पाण्याची खोली २० ते २५ सेंटीमीटर ठेवावी. काठापर्यंत टाकी भरू नये.

दुकानात न्यूटशेजारीच प्लास्टिकचे चिमुकले डबे विकायला ठेवलेले असतात. हे डबे प्राणी घरी आणण्यासाठी किंवा टाकी साफ करताना त्याला तात्पुरते ठेवण्यासाठी ठीक आहेत. त्यात कायम ठेवलेल्या न्यूटचे पाणी एक-दोन दिवसांतच दूषित होते, आणि उन्हाळ्यात इतके थोडे पाणी पाहता पाहता तापते. स्वस्त पडते म्हणून लहान डब्यात सुरुवात करणे हा शेवटी जास्त कष्टाचा मार्ग ठरतो.

टाकी घरात कोठे ठेवावी?

काच, वाळू, दगड आणि पाणी यांसह ६० सेंटीमीटरच्या टाकीचे वजन ८० किलोच्या आसपास जाते. तातामीवर ती थेट ठेवू नये. चटई दबते, ओल धरते आणि घर सोडताना तिचा खर्च घरमालक वसूल करतो. टाकीसाठीच बनवलेला स्टँड सपाट, कठीण जमिनीवर, शक्यतो भिंतीलगत आणि खोलीच्या कोपऱ्याजवळ ठेवावा.

भूकंपाचा विचार येथे टाळता येत नाही. स्टँड भिंतीला जोडावा, टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये कंपरोधक चटई घालावी आणि पाण्याची पातळी काठापासून चांगली दहा सेंटीमीटर खाली ठेवावी, म्हणजे धक्क्यांमुळे पाणी हिंदकळून बाहेर येणार नाही. विजेचे बटण किंवा जोडपट्टी टाकीच्या खाली नव्हे, तर बाजूला आणि वरच्या पातळीवर असावी; तारेला खाली एक झोळ ठेवला की तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही. भाड्याच्या घराच्या विम्यात टाकीतून झालेली गळती समाविष्ट आहे की नाही, तेही एकदा पाहून घ्यावे.

खिडकीतून येणारे थेट ऊन, स्वयंपाकघर आणि हिवाळ्यात लावला जाणारा रूम हीटर या तिन्हींपासून टाकी दूर असावी.

झाकण खरोखरच आवश्यक आहे का?

होय, आणि ते घट्ट बसणारे हवे. ओल्या काचेला पोट आणि पाय चिकटवून न्यूट सरळ उभ्या भिंतीवर चढतो. फिल्टरची नळी जाण्यासाठी झाकणाला ठेवलेली फट दिसायला क्षुल्लक असते, पण त्याचे डोके जेथून जाते तेथून तो पूर्ण जातो, आणि बाहेर पडलेला न्यूट काही तासांत सुकून मरतो. नळ्यांभोवतीची जागा स्पंजच्या तुकड्यांनी बंद करावी. झाकण जाळीचे असल्यास हवा खेळती राहते आणि उन्हाळ्यात पंख्याचाही उपयोग होतो. जाळीला कडेने चिमटे लावावेत. न्यूट चढून जाळीला डोक्याने ढकलतात, आणि नुसती वर ठेवलेली हलकी जाळी सरकू शकते. नवीन आणलेले न्यूट पहिले काही आठवडे विशेष प्रयत्नपूर्वक पळून जाऊ पाहतात.

तळाशी काय घालावे?

बारीक वाळू घालावी, किंवा न्यूटच्या डोक्यापेक्षा मोठे गुळगुळीत गोटे ठेवावेत, किंवा सुरुवातीला तळ मोकळाच ठेवावा. मधल्या आकाराचे खडे मात्र घालू नयेत. खाण्यावर झडप घालताना न्यूट समोर येईल ते तोंडात घेतो. गिळलेला खडा आतड्यात अडकतो आणि प्राणी दगावू शकतो. मोकळ्या तळाची टाकी दिसायला रुक्ष असते हे खरे, पण उरलेले अन्न आणि विष्ठा त्यात लगेच दिसते, म्हणून नवशिक्याला ती फायद्याची आहे.

वनस्पती, प्रकाश आणि जमीन यांची व्यवस्था कशी करावी?

वनस्पती भरपूर लावाव्यात. न्यूटला मोकळ्या पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा पानांच्या आधाराने विसावायला आवडते, आणि दाट झाडोरा पृष्ठभागापर्यंत पोहोचला तर त्याला श्वासासाठी वर येणेही सोपे जाते. कमी प्रकाशात आणि थंड पाण्यात टिकणाऱ्या जावा मॉस, जावा फर्न आणि अनुबियास या वनस्पती सर्वांत निर्धोक आहेत. शेवटच्या दोन्हींचे खोड वाळूत पुरायचे नसते, ते लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधायचे असते. आपल्याकडे घरोघरी असणारा मनी प्लांट टाकीच्या कडेला लावून त्याची केवळ मुळे पाण्यात सोडली, तर तो पाण्यातील नायट्रेट चांगले शोषून घेतो. विकतच्या वनस्पतींवर कीटकनाशक किंवा गोगलगायींची अंडी असू शकतात. त्या दुसऱ्या भांड्यात काही दिवस, पाणी बदलत ठेवून मग टाकीत लावाव्यात.

प्रौढ आकाहारा इमोरी बहुतेक वेळ पाण्यातच काढतो, तरीही त्याला बाहेर चढून बसण्यासाठी जागा हवी. तरंगणारा कॉर्कचा तुकडा किंवा कासवांसाठी मिळणारा तरंगता फलाट पुरेसा होतो. टाकीचे काचेने दोन भाग करून अर्ध्यात माती भरण्याची गरज नाही. अशी अर्धी-अर्धी टाकी चित्रात सुंदर दिसते, पण तिच्यात पाणी कमी राहते आणि साफसफाई अवघड होते.

दिवे केवळ वनस्पतींसाठी आणि आपल्या डोळ्यांसाठी असतात. साधा एलईडी दिवा दिवसातून आठ तास पुरतो. उष्णता देणारा दिवा लावू नये.

फिल्टर कोणता घ्यावा?

न्यूट संथ पाण्यातला प्राणी आहे. सतत प्रवाहाशी झगडावे लागले तर तो खाणे कमी करतो आणि पाण्याबाहेर बसू लागतो. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर स्वस्त असतो, त्याचा प्रवाह सौम्य असतो आणि त्याच्या छिद्रांत उपयुक्त जिवाणूंची वस्ती उत्तम होते. काठावर टांगायचा फिल्टर आधीच घेतला असेल, तर त्याचे पाणी काचेवर किंवा वनस्पतींवर पडेल अशी योजना करावी आणि पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला स्पंज लावावा. स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो दोन-तीनदा हलके पिळावा, नाहीतर नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे जिवाणू मरतात.

टाकी भरल्यानंतर न्यूट लगेच का सोडता येत नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर लांब आहे, आणि बहुतेक अपयशांचे कारणही त्यातच सापडते.

न्यूटच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात, नायट्राइटही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे कमी प्रमाणात सहन होते आणि पाणी बदलून काढून टाकता येते. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. दह्याला विरजण लागते तशी टाकीलाही या जिवाणूंची सुरुवात लागते, आणि ते वाढायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. पाणी थंड असेल तर अधिकच.

रिकामी टाकी अशी तयार करावी : फिल्टर सुरू करून पाण्यात अमोनियाचा पुरवठा करावा. औषधांच्या दुकानात मिळणारे, सुगंध किंवा साबण नसलेले अमोनियाचे द्रावण थेंबाथेंबाने घालून पाण्यातील प्रमाण लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत आणावे. ते जमत नसेल तर माशांच्या खाद्याची चिमूट रोज टाकून ते कुजू द्यावे. दर दोन-तीन दिवसांनी चाचणीसंचाने पाणी तपासावे. आधी अमोनिया वाढलेला दिसेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल, शेवटी तोही उतरून नायट्रेट दिसू लागेल. २ मिलिग्रॅम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की टाकी तयार झाली असे समजावे. त्यानंतर निम्म्याहून अधिक पाणी बदलून नायट्रेट २० मिलिग्रॅमच्या खाली आणावे आणि मगच न्यूट आणावेत.

या काळात टाकीत प्राणी नसल्यामुळे हीटर लावून पाणी २५ अंशांवर ठेवले, तर जिवाणू लवकर वाढतात. न्यूट आणण्यापूर्वी हीटर काढून पाणी सावकाश थंड होऊ द्यावे. एखाद्या परिचिताच्या जुन्या, निरोगी टाकीतील स्पंजचा तुकडा मिळाला तर अवधी निम्म्यावर येऊ शकतो. मात्र त्या टाकीत इतर उभयचर असतील तर तो घेऊ नये, कारण त्यांच्याबरोबर रोगही येतात. जपानमधील नळाचे पाणी बहुतेक ठिकाणी मृदू असते, आणि मृदू पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) या प्रक्रियेत खाली घसरून जिवाणूंची वाढ थांबू शकते. आकडे आठवडाभर हलले नाहीत तर सामू तपासून थोडे पाणी बदलावे.

बाटलीत मिळणारे जिवाणू घातले की टाकी दुसऱ्या दिवशी तयार होते, असे वेष्टनावर लिहिलेले असते. बाटली वापरायला हरकत नाही, पण निर्णय चाचणीच्या आकड्यांवरूनच घ्यावा.

नळाचे पाणी थेट वापरता येते का?

नाही. जपानमधील कायद्यानुसार नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.१ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. माणसासाठी ते सुरक्षित असले तरी न्यूटच्या त्वचेला आणि फिल्टरमधील जिवाणूंना ते अपायकारक आहे. ‘कारुकी-नुकी’ या नावाने मिळणारे क्लोरीन काढणारे औषध वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणात घालावे. दर आठवड्याला टाकीतील पाव हिस्सा पाणी बदलावे, आणि नवे पाणी आधीच्या पाण्याच्याच तापमानाचे असावे.

उन्हाळ्यात पाणी थंड कसे ठेवावे?

टाकी लावताना सर्वांत जास्त डोके याच प्रश्नावर चालवावे. आकाहारा इमोरीला १६ ते २२ अंश सेल्सियस तापमान मानवते. २५ अंशांच्या वर त्याच्या शरीरावर ताण येऊ लागतो, भूक मंदावते, आणि त्याच वेळी उष्ण पाण्यात प्राणवायू कमी व जंतूंची वाढ जास्त होते. तोक्यो किंवा ओसाका येथे जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे तापमान ३५ अंशांपर्यंत जाते, आणि बंद घरातील टाकीचे पाणी सहज ३० अंशांवर पोहोचते.

टाकीच्या कडेला लावायचा छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा सोडतो आणि बाष्पीभवनामुळे पाणी दोन ते चार अंशांनी थंड होते. हवा कोरडी असताना हा उपाय उत्तम चालतो. जूनच्या पावसाळी, दमट दिवसांत त्याचा परिणाम बराच कमी होतो, हे लक्षात ठेवावे. शिवाय पाणी रोज आटते, म्हणून क्लोरीन काढलेले पाणी वरून घालत राहावे लागते. शहरातील सदनिकेत प्रत्यक्षात विसंबता येण्यासारखा उपाय म्हणजे टाकी असलेल्या खोलीतील एअर कंडिशनर दिवसभर २५ अंशांवर चालू ठेवणे आणि जोडीला पंखा लावणे. विजेचा खर्च वाढतो. तो न्यूटच्या किमतीच्या कितीतरी पट असतो, आणि घरात आधीच त्याची चर्चा झालेली बरी. पाणी थंड करणारे खास यंत्रही मिळते, परंतु ते महाग असते, आवाज करते, खोलीत गरम हवा सोडते आणि त्याला जोडावा लागणारा पंप न्यूटच्या दृष्टीने जोरदार ठरतो.

बर्फाची बाटली पाण्यात तरंगत ठेवणे हा केवळ वीज गेल्यावर करायचा उपाय आहे. बर्फ वितळताच तापमान पुन्हा झपाट्याने चढते, आणि असे चढउतार स्थिर २५ अंशांपेक्षाही अधिक त्रासदायक ठरतात.

हिवाळ्याची काळजी जवळजवळ नसते. न तापवलेल्या खोलीत पाणी ८-१० अंशांपर्यंत उतरले तरी न्यूट केवळ मंद होतात आणि कमी खातात; त्यानुसार खाणे कमी करावे.

कोणता न्यूट निवडावा?

प्रौढ, पाण्यात राहणारा, अंगाने भरलेला आणि त्वचेवर जखम किंवा पांढरे तंतू नसलेला. शक्य असल्यास पाळीव अवस्थेतच जन्मलेला घ्यावा. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाच्या लाल यादीत ही जात ‘धोक्याच्या जवळ’ या गटात आहे. भातखाचरांचे पाट सिमेंटचे झाल्यामुळे आणि शेते ओस पडल्यामुळे तिचा अधिवास आक्रसत चालला आहे. रानातून स्वतः पकडून आणणे टाळावे. काही ठिकाणी स्थानिक नियमही त्याआड येतात.

लहान पिल्ले गोंडस दिसतात, पण रूपांतर झाल्यानंतर ती पाणी सोडून जमिनीवर राहतात आणि एक ते तीन वर्षांनी पाण्यात परततात. त्या काळात त्यांना ओलसर मॉसचा डबा आणि अगदी बारीक जिवंत किडे लागतात. हे काम पहिल्या वर्षी अंगावर घेऊ नये.

नर आणि मादी ओळखणे प्रौढांत सोपे आहे. नराचा शेपटीच्या मुळाशी असलेला भाग फुगीर असतो आणि विणीच्या काळात त्याच्या शेपटीवर निळसर झाक येते. मादी सहसा मोठी असते, आणि अंडी एकेक करून पानात गुंडाळून घालते.

काय आणि किती खायला द्यावे?

गांडुळाचे तुकडे हे सर्वोत्तम खाद्य आहे. खतनिर्मितीसाठी वापरली जाणारी लाल गांडुळे मात्र अंगातून कडवट द्रव सोडतात आणि बरेच न्यूट ती थुंकून टाकतात. गोठवलेले ‘आकामुशी’, म्हणजे डासांसारख्या एका किड्याच्या लाल अळ्या, प्रत्येक दुकानात मिळतात आणि न्यूट त्या आवडीने खातात, पण फक्त त्यांवर भागवू नये. जपानमध्ये न्यूटसाठी खास गोळ्याही मिळतात. त्या पूरक म्हणून चालतात. माशांचे तरंगणारे पापुद्रे, कोंबडीचे किंवा मटणाचे तुकडे देऊ नयेत.

प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा खायला घालणे पुरेसे होते. त्याची दृष्टी हालचाल टिपते आणि उरलेले काम वास करतो. लांब चिमट्यात तुकडा धरून नाकासमोर हलकेच हलवला की तो झडप घालतो. तासाभरात न खाल्लेले अन्न काढून टाकावे. न्यूट काच खरवडत जवळ येतो म्हणून तो उपाशी आहे असे नव्हे. लठ्ठ न्यूट ही पाळणाऱ्याच्या मायेची नेहमीची निष्पत्ती आहे.

त्याच टाकीत मासे किंवा दुसरे प्राणी ठेवता येतील का?

ठेवू नयेत. उष्णकटिबंधातील माशांना उबदार पाणी लागते, गोल्डफिश घाण फार करतात, काही मासे न्यूटच्या शेपटीचे लचके तोडतात, आणि न्यूटच्या त्वचेतील विषामुळे माशांचाही जीव धोक्यात येतो. इतर देशांतील न्यूट तर मुळीच एकत्र ठेवू नयेत. लहान पाणगोगलगायी चालतात. कधीतरी त्या खाल्ल्या जातात, एवढेच.

न्यूट विषारी आहे म्हणतात. लहान मुले असलेल्या घरात ठेवावा का?

रानातल्या आकाहारा इमोरीच्या त्वचेत टेट्रोडोटॉक्सिन असते, म्हणजे फुगू माशात असते तेच विष. तो चावून किंवा दंश करून विष सोडत नाही. विष पोटात गेले किंवा डोळ्याला, जखमेला लागले तर त्रास होतो. तेव्हा न्यूटला हातात घेऊ नये, टाकीत हात घातल्यावर साबणाने स्वच्छ धुवावेत आणि टाकीत हात घालण्यापूर्वी साबणाचा अंश हातावर राहू देऊ नये. हातात धरल्याने न्यूटचेही नुकसानच होते, कारण आपल्या तळव्याची उष्णता आणि क्षार त्याच्या त्वचेला सोसत नाहीत. तीन-चार वर्षांच्या मुलाला हे नियम पाळता येणार नसतील, तर झाकणाला कुलूप लावावे किंवा काही वर्षे थांबावे. पाहण्याचा आनंद काचेबाहेरूनही पुरेपूर मिळतो.

न्यूटचा तुटलेला पाय पुन्हा येतो, हे खरे आहे का?

खरे आहे. पाय आणि शेपटीच नव्हे, तर डोळ्यातील भिंगही त्याला पुन्हा तयार करता येते. याच जातीच्या न्यूटचे भिंग सोळा वर्षांत अठरा वेळा काढूनही प्रत्येक वेळी नवे आले, आणि शेवटचे भिंगही तरुण न्यूटच्या भिंगासारखेच होते, असे २०११ साली जपानमधील संशोधकांनी प्रसिद्ध केले. पण म्हणून खाण्याच्या गडबडीत सोबत्याने चावलेल्या पायाकडे दुर्लक्ष करू नये. जखमेवर कापसासारखी बुरशी धरू शकते, आणि पाणी अस्वच्छ असेल तर नवा पाय येण्याआधीच संसर्ग पसरतो.

तो आजारी आहे हे कसे ओळखावे?

पाण्यात राहणारा न्यूट सतत बाहेर बसू लागला, तर आधी पाण्याची चाचणी घ्यावी आणि तापमान पाहावे. दोषाचे मूळ बहुतेक वेळा तेथेच सापडते. दोन आठवड्यांहून अधिक काळ न खाणे, अंग फुगणे, बुडता न येणे, त्वचेवर लाल व्रण किंवा पांढरे तंतू दिसणे ही लक्षणे असल्यास प्राण्याला वेगळ्या भांड्यात स्वच्छ, थंड, उथळ पाण्यात ठेवावे आणि उभयचरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाकडे न्यावे. असे पशुवैद्यक थोडे असतात, म्हणून गरज पडण्यापूर्वीच जवळचा दवाखाना शोधून ठेवावा. माशांसाठीची औषधे, विशेषतः तांबे असलेली, स्वतःच्या मनाने घालू नयेत.

कात टाकून तीच खाऊन टाकणे हा आजार नव्हे. पाण्यात तरंगणारा, हातमोज्यासारखा दिसणारा पारदर्शक पापुद्रा पाहून अनेक जण घाबरतात; ती टाकलेली कातच असते.

गणपतीला किंवा सुट्टीत भारतात जायचे असेल तर काय करावे?

निरोगी प्रौढ न्यूट दोन आठवडे न खाता सहज राहतो, त्यामुळे अन्नाची चिंता करू नये. शेजाऱ्याला खाद्याचा डबा देऊन जाणे उलट धोक्याचे आहे, कारण तो प्रेमाने जास्त घालतो आणि पाणी नासते. खरी अडचण तापमानाची आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घर बंद ठेवून जायचे असल्यास एअर कंडिशनर चालू ठेवावा लागेल, आणि कोणीतरी दोन-तीन दिवसांनी येऊन पाणी, पंखा व वीज पाहून जावे लागेल. ते शक्य नसेल तर न्यूट ओळखीच्या, थंड घरात झाकणाच्या डब्यातून नेऊन ठेवावेत.

कायमचे भारतात किंवा अन्य देशात जाताना न्यूट सोबत नेता येतील का?

व्यवहारात नाही, असेच धरून चालावे. युरोपातील सॅलॅमँडरांचा मोठ्या प्रमाणावर बळी घेणाऱ्या एका कवकाचे वर्णन २०१३ साली झाले. ते मूळचे आशियातील असून येथील काही जाती आजारी न पडता ते बाळगू शकतात. त्यामुळे अमेरिकेने २०१६ पासून सायनॉप्ससह न्यूट आणि सॅलॅमँडरांच्या २०१ जातींच्या आयातीवर बंदी घातली, आणि कॅनडाने २०१७ पासून सर्वच सॅलॅमँडरांच्या आयातीवर निर्बंध आणले. भारतात जिवंत परदेशी प्राणी आणण्यासाठी परवाना लागतो, आणि तो मिळाला तरी पुण्याच्या एप्रिलमध्ये या प्राण्याला जगवणे फार कठीण आहे. दार्जिलिंगच्या डोंगराळ भागातील तळ्यांत आढळणारा हिमालयातील न्यूट हा आपला स्वतःचा. पण तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे आणि त्याला पाळणे गुन्हा ठरतो.

जवळच्या तळ्यात किंवा भातखाचरात सोडून देणे हा पर्याय मुळीच नाही. जपानमधील आकाहारा इमोरीचे चार प्रादेशिक वंश आहेत, आणि दुकानातून घेतलेला न्यूट मूळचा कोणत्या भागातला हे सहसा माहीत नसते. तो दुसऱ्या भागात सोडल्यास हे वंश एकमेकांत मिसळतात आणि रोगही पसरतात. तोक्योच्या दक्षिणेकडील हाचिजोजिमा बेटावर माणसांनी नेलेले न्यूट आज परके प्राणी म्हणून वाढले आहेत. याच कारणासाठी टाकीतून काढलेले पाणीही बागेत किंवा ओढ्यात ओतू नये. ते घरातील सांडपाण्याच्या नळीत जाऊ द्यावे.

घर सोडण्याच्या तीन-चार महिने आधीपासून नवा पालक शोधायला लागावे. काही दुकाने प्राणी परत घेतात, तर काही घेत नाहीत. खरेदीच्या वेळीच हे विचारून ठेवावे. देताना टाकी, तयार फिल्टर आणि पाण्याच्या नोंदींची वही यांसह द्यावे, म्हणजे नव्या पालकाला दीड महिना थांबावे लागत नाही.